बीअरशेबा म्हणजे काय, ते लेखी द्या

यवतमाळच्या दारव्हा रोडवर, लोहाऱ्याच्या थोडं अलीकडे, मी ज्या घरात अडीच वर्षं भाड्यानं राहिलो त्या घराच्या फाटकावर 'बीअर' असं लिहिलेलं होतं. इंग्रजीत, सिमेंटच्या वीतभर उंच अक्षरांत. घराचं पूर्ण नाव 'बीअरशेबा'. पण ते दोन खांबांवर वाटून दिलेलं. डाव्या खांबावर चार अक्षरं, उजव्यावर पाच. उजव्या खांबावर बोगनवेल चढली होती आणि तिनं 'शेबा' कधीच गिळून टाकला होता. रस्त्यानं जाणाऱ्याला नावाचा डावा भागच तेवढा दिसायचा.

मी तेव्हा नुकताच शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. आठवी ते दहावीला इंग्रजी. घर आमचं आर्णीचं. वडील पंचायत समितीत हेडक्लार्क होते आणि निवृत्त झाल्यावरही प्रत्येक कागद दोनदा वाचायचे. खोली बघायला ते स्वतः आले. ऑटोतून उतरले, चष्मा पुसला, खांब वाचला आणि तिथंच थांबले.

"तू शाळेतच लागला ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"मग हे काय आहे?"

"घराचं नाव आहे."

"अर्थ काय त्याचा?"

"माहीत नाही."

"एम.ए. इंग्रजीतच केलं ना तू?"

तेवढ्यात घरमालकीण लूनावरून आल्या. साठीच्या, बुटक्या, सुती पातळ आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. लग्न केलं नव्हतं. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायची. त्यांनी लूना स्टँडला लावली आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अजी भाऊ, आत या. अथी फक्त चहा भेटते."

चहा यायच्या आधी वडिलांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला गेला होता. बीपी वाढलेलं निघालं. वडील दहा मिनिटं अपमान झाल्यासारखे बसून राहिले. मग मीठ किती खायचं ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि खोली पसंत केली. नावाचा विषय राहून गेला.

मी तो पुन्हा काढला नाही. सिस्टरांनी एवढंच सांगितलं होतं की हे घर एका अमेरिकन मडमबाईंनी बांधलं, आधी विहीर खोदली, मग घर, आणि विहिरीला दिलेलं नाव घरालाही लागलं. मडमबाई म्हाताऱ्या झाल्यावर सिस्टरांनी त्यांचं सगळं केलं. जाताना त्या घर यांच्या नावावर करून गेल्या. "नाव शास्त्रातलं हाय," सिस्टर म्हणाल्या होत्या. त्यापुढचं विचारायला मला एम.ए. आड आलं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. अळीनं बोंडं खाल्लेली, जो काही कापूस यायचा त्याला भाव नाही, आणि विकायला न्यावा तर खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग. दोन-दोन, तीन-तीन दिवस माणसं बैलगाडीखाली झोपून काढायची. रांग कधी कधी आमच्या फाटकाच्याही पुढे जायची. मुंबई-दिल्लीचे पत्रकार येऊन फोटो काढून जायचे. रांगेतली माणसं आमच्या विहिरीवर पाणी प्यायला येत. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, त्यामुळे ती फक्त पाणीच मागत. बीअर मागायला यायचे ते शिकलेले. जिनिंगचे सुपरवायझर, बियाण्यांच्या कंपन्यांचे एजंट आणि मुख्य म्हणजे ट्रक ड्रायव्हर. त्यातही वर्ध्याकडून येणारे. वर्ध्यात दारूबंदी, तिथून तहानलेला माणूस यवतमाळात शिरला की खांबांवरची अक्षरं जरा जास्तच लक्ष देऊन वाचायचा.

पहिला ड्रायव्हर मी पाहिला तो सरदारजी होता. वऱ्हांड्यापाशी येऊन त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "माताजी, ठंडी है क्या?"

"पहले बैठो," सिस्टर म्हणाल्या. "हाथ आगे करो."

त्यानं हात पुढे केला. त्याला वाटलं असावं की इथली हीच पद्धत आहे. पट्टा बांधला, हवा भरली, सुटली. "नींद होती है? खाना टाइम पे खाते हो? घर कब गये थे?" सरदारजी पहिल्या प्रश्नाला हसला, दुसऱ्याला मान हलवली आणि तिसऱ्याला बोटांवर महिने मोजू लागला. अर्ध्या तासानं तो चहा आणि दोन पोळ्या खाऊन गेला. बीअरचं त्यानं परत काढलं नाही. पुढं तो दर महिन्याला थांबायचा आणि सोबत दुसऱ्याही ड्रायव्हरांना आणायचा.

मी एकदा म्हणालो, "सिस्टर, वेल छाटली तर ही कटकट मिटेल."

"कोणाची कटकट?" त्या म्हणाल्या. "मास्तर, आजकाल मानसाले कसं हाय म्हणून इचारलं तर तो 'बरं हाय' म्हणून मोकळा होते. हातात पट्टा बांधला की खरं बोलते. कशापायी का होईना, आत तर येते."

रांगेतल्या शेतकऱ्यांनाही त्या असाच पट्टा बांधायच्या. त्या वर्षांत त्याची गरज होती. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सिस्टरांनीही कधी सांगितलं नाही.

शेजारच्या प्लॉटवर एक निवृत्त ओव्हरसियर राहत. तीस वर्षं कालव्यांवर काढलेली, गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की घरात बोलले तरी रस्त्यावर ऐकू जावा. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांची बोअर त्या उन्हाळ्यात आटली. दुसरी मारली, ती धूळच ओकली. वस्तीतले टवाळ म्हणायला लागले की काकांकडे बोअर कोरडी आणि शेजारी बीअर भरलेली. काका हे ऐकत आणि दात खात.

शेवटी ते आले. मी वऱ्हांड्यातच बसलो होतो.

"सिस्टरबाई, तुमच्या विहिरीवर मोटर लावून घेतो. अर्धा घंटा."

"बादलीनं न्या ना भाऊ. पायजे तितक्या न्या. मोटर नको."

"काहून?"

"मोटर लागली की मानूस विहिरीकडे पाहत नाई. नुसतं बटन पाह्यते. आन् मंग एक दिवस विहीर आटते."

काकांचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली म्या. मले पाणी शिकवून राह्यल्या तुमी?"

"तुमची बोअर आटली म्हणून सांगून राह्यली, भाऊ."

हे खरं असलं तरी बोलायला नको होतं. काका उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुने नकाशे काढले आणि विहिरीचा निम्मा घेर आपल्या प्लॉटमध्ये येतो असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर त्यांनी काचा लावल्या.

त्याच भिंतीत मागच्या बाजूला चार विटा पडलेल्या होत्या. तिथं काचा लावायचं ते विसरले. रोज सकाळी सातला त्या भोकातून एक हात आत यायचा. तो काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. सिस्टर त्या हाताला इन्सुलिनची सुई टोचायच्या, हात परत जायचा. काकूंना सुईची गरज आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण काकांचा सुईवर विश्वास नव्हता, ते कारल्याच्या रसावर ठाम होते. काकू रस पण प्यायच्या आणि हातही घालायच्या. मी हे पाहिलं होतं. सिस्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी आपसूकच काही पाहिलेलं नाही असं झालं.

मग काकांनी अर्ज केला. दारूचं बघणाऱ्या खात्याकडे. त्याची एक प्रत पुढं माझ्या हाती आली. सरकारी मराठीत त्यांचा हात कोणी धरला नसता. 'सदर महिला आपले राहते घरावर बीअर असा जाहीर फलक लावून असून, परजिल्ह्यातील वाहनचालक दररोज आत जातात व बऱ्याच वेळाने समाधानी मुद्रेने बाहेर पडतात.' समाधानी मुद्रेनं, हे अगदी खरं होतं.

एका रविवारी दुपारी जीप आली. मी घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. उतरले ते साहेब साताऱ्याकडचे, तरुण, बोलायला अदबशीर. सोबत दोन शिपाई. साहेबांनी खांब पाहिला, वहीत लिहून घेतला, आणि आत येऊन म्हणाले, "मावशी, जरा घर बघावं लागेल."

"पाहा ना बाप्पा. पायपोस बाहेर काढा."

स्वयंपाकघरातल्या फडताळात अकरा बाटल्या मिळाल्या. तपकिरी काचेच्या, लेबलं खरवडलेली, पण कशाच्या होत्या ते लहान मुलालाही कळलं असतं. साहेबांचा चेहरा पडला. मला वाटतं त्यांना काही सापडावं अशी इच्छाच नव्हती.

"हे काय आहे, मावशी?"

"मनुकांचा रस. चर्चमध्ये प्रभुभोजनाले लागते. मीच बनवून देत असतो सगळ्याईले."

"बाटल्या बीअरच्या आहेत."

"भंगारवाल्याकडून घेतल्या. उकळून धुतल्या. काचेची काय चूक?"

साहेबांनी शिपायाला खूण केली. त्यानं बूच काढलं, वास घेतला, पेल्यात ओतून प्यायला. "साहेब, गोड हाय," तो म्हणाला. दुसऱ्या बाटलीतलंही पाहायला हवं म्हणून त्यानं तेही प्यायलं. तिसरी उघडायला निघाला तेव्हा साहेब म्हणाले, "पुरे."

पण अर्ज आला होता, नंबर पडला होता, काहीतरी उत्तर तर द्यावं लागणार. साहेबांनी पेन बोटांत फिरवलं. "तक्रार खरं तर फलकाबद्दल आहे. या फलकाचा अर्थ काय?"

सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे इंग्रजीचे मास्तर हायेत."

"उत्तम," साहेब म्हणाले. "सर, तुम्ही लेखी द्या. नावाचा अर्थ, नावाचं मूळ, आणि त्याचा मद्याशी संबंध नसल्याचा खुलासा. तीन दिवसांत."

अशा रीतीनं वडिलांचा प्रश्न शासनामार्फत माझ्याकडे परत आला.

माझ्याजवळच्या खिशातल्या शब्दकोशात बीअर होतं, त्यानंतर एकदम बीट होतं. शाळेतल्या कोशाची नेमकी तीच पानं फाटलेली. सोमवारी मधल्या सुट्टीत सायकल मारत शहरातल्या वाचनालयात गेलो. तिथल्या जाड कोशात ते नाव मिळालं, पण एकट्याचं नाही, एका वाक्प्रचारात. डॅनपासून बीअरशेबापर्यंत. म्हणजे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डॅन हे त्या देशाचं उत्तर टोक, बीअरशेबा दक्षिण टोक. इंग्रज लोक हे आपल्या काश्मीर ते कन्याकुमारीसारखं वापरत. मला इतका आनंद झाला की मी तसाच साहेबांच्या ऑफिसात गेलो.

"म्हणजे सर्वत्र," मी समजावून सांगितलं. "सगळीकडे."

"सगळीकडे बीअर?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. बीअरशेबा हे टोक."

"टोकाची बीअर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, हे मी वर पाठवू शकत नाही. मूळ आणा. मूळ."

संध्याकाळी मी नाक मुठीत धरून सिस्टरांकडे गेलो. त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचं मराठी बायबल काढलं, थुंकी न लावता पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं. तिथं नाव होतं: बैर-शेबा.

मी कपाळाला हात लावला. इंग्रजीत बीअर, मराठीत बैर. साहेबांनी विचारलं असतं, मास्तर, ही बाई दारू विकते की दुश्मनी?

"वाचा तर," सिस्टर म्हणाल्या. मी वाचलं आणि राहिलेलं त्यांनी सांगितलं. एक म्हातारा मेंढपाळ होता, परमुलखातून आलेला. त्यानं विहीर खोदली. तिथल्या राजाच्या माणसांनी ती बळकावली. म्हाताऱ्यानं राजाकडे तक्रार केली. राजा म्हणाला, मला तर ठाऊकच नाही. मग म्हाताऱ्यानं कळपातून सात मेंढ्या वेगळ्या काढून राजाला दिल्या. का, तर ही विहीर मी खोदली याची साक्ष म्हणून. दोघांनी शपथ घेतली, भांडण मिटलं. त्या जागेचं नाव बैर-शेबा. काही म्हणतात शपथेची विहीर, काही म्हणतात सातांची विहीर. कारण त्या भाषेत सात आणि शपथ हे शब्द एकाच कुळातले.

"पण इथं पुढं परत तेच नाव पडलेलं दिसतं," मी पान उलटून म्हणालो. "म्हाताऱ्याच्या पोराच्या वेळेला. परत विहीर, परत शपथ."

"हो."

"मग नाव नक्की केव्हा पडलं?"

"आता भांडण दोनदा झालं तर नाव काय दोनदा ठेवायचं?" सिस्टर म्हणाल्या.

तरी 'बैर' म्हणजे विहीरच, हे मला कुठंतरी बाहेरून पक्कं करून हवं होतं. तिसऱ्या दिवशी डबा खाताना मी सहज आमच्या उर्दू शिकवणाऱ्या सरांना विचारलं. त्यांनी तोंडातला घास गिळायच्या आधीच सांगितलं, "बीर? अरबी में कुएँ को कहते हैं."

"और सबा? शबा? ऐसा कुछ?"

"सबआ. सात." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "क्यों? क्या हुआ?"

तीन दिवस, दोन ग्रंथालयं, एक शासकीय कार्यालय. आणि उत्तर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून रोज वांग्याची भाजी खात होतं. अरबी आणि ती जुनी भाषा बहिणी-बहिणी आहेत, हे त्यांनीच मला समजावलं.

मी फुलस्केपची दोन पानं लिहिली. विहीर, सात, शपथ, मेंढपाळ, राजा, सगळं. इंग्रजी पेयाचा शब्द वेगळ्या घराण्यातला असून या नावाशी त्याचं नातं नाही, केवळ रोमन लिपीत दोघं सारखे दिसतात, हेही लिहिलं. आयुष्यात मी इतक्या मेहनतीनं दुसरं काही लिहिलेलं नाही.

साहेब बुधवारी संध्याकाळी परत आले. त्यांनी काकांनाही बोलावून घेतलं. वऱ्हांड्यात चार खुर्च्या टाकल्या. साहेबांनी माझा निबंध मोठ्यानं वाचायला घेतला. लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं ते ऐकताना येऊ लागलं. 'शेजारच्या राजाच्या माणसांनी विहिरीवर हक्क सांगितला.' काका खुर्चीत सरसावले. 'वास्तविक विहीर म्हाताऱ्यानेच खोदली होती.' काकांनी घसा खाकरला. 'अखेर राजास आपली चूक उमगली.'

"थांबा!" काका उभे राहिले. "हे मास्तरनं माझ्यावर लिहिलं!"

"काका, हे तीन-चार हजार वर्षांपूर्वीचं आहे."

"मंग माझ्यावानी कसं हाय?"

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. बराच वेळ ते रुमालामागेच होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी शेरा लिहिला: मद्यविक्री आढळून आली नाही. फलक पूर्ण वाचता येईल अशी व्यवस्था करावी.

म्हणून बोगनवेल छाटली गेली. कित्येक वर्षांनी 'शेबा'ला ऊन लागलं. आठवडाभरात एक ड्रायव्हर आत आला आणि आनंदानं म्हणाला, "बीअर सेवा? होम डिलिव्हरी भी देते हो क्या?"

भांडण मात्र मिटलं नाही. सिस्टरांना वाटलं, शास्त्रात आहे तसं करून पाहावं. मेंढ्या नव्हत्या, त्यांनी सात कोंबड्या माझ्या हाती काकांकडे पाठवल्या. माळकऱ्याच्या घरी कोंबड्या नेणारा मी शहरातला पहिलाच माणूस असेन. काकांनी मला फाटकातच अडवलं. "मले बाटवून राह्यली का ते?" ते ओरडले. कोंबड्यांनी ऐकलं नाही. त्या आत शिरल्या आणि दोन दिवस काकांच्या मोगऱ्याखाली राहिल्या. सहा परत मिळाल्या.

पुढं मे महिना आला. शाळेला सुट्टी होती, मी घरीच होतो. दुपारचे दोन वाजले असतील. भिंतीपलीकडून काकांची हाक आली, "सिस्टर! सिस्टर!" बाई न लावता आणि वेगळ्याच आवाजात.

सिस्टर धावत भिंतीपाशी गेल्या. काकू वऱ्हांड्यात खाली पडल्या होत्या, घामानं निथळत होत्या, डोळे फिरत होते. फाटकापर्यंत जायचं, रस्त्यावरून वळसा घालायचा, त्यांचं फाटक उघडायचं. सिस्टर तेवढं थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी चार विटांच्या भोकात डोकं घातलं आणि तिथं अडकल्या. पलीकडून काकांनी हातांनी विटा उपसल्या. स्वतःच लावलेली काच लागून त्यांच्या कोपराला रक्त आलं. सिस्टर पलीकडे गेल्या, काकूंचा हात धरला आणि मला ओरडल्या, "मास्तर! साखर उतरली! फडताळातली बाटली!"

मी बाटली दिली. सिस्टरांनी काकूंचं डोकं वर धरलं, "थोडं थोडं पाजा," म्हणाल्या, आणि ती तपकिरी बाटली काकांच्या हातात दिली. काका बायकोच्या तोंडात रस सोडत होते. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. काकूंनी डोळे उघडले. बाटलीकडे पाहिलं.

"हे कायची बाटली हाय जी?" त्यांनी हळूच विचारलं.

"बीअरची," काका म्हणाले आणि रडायला लागले.

सिस्टरांनी नाडी पाहिली. मग रागानं म्हणाल्या, "सकाळी सुई घेतल्यावर जेवल्या नाई ना तुमी? उपास होता का आज?"

"कोणती सुई?" काकांनी विचारलं.

काकूंनी डोळे परत मिटून घेतले. या वेळी मुद्दाम. काकांनी भिंतीतल्या मोठ्या झालेल्या भोकाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी उत्साहानं मोगऱ्याकडे पाहू लागलो.

"किती दिवसांपासून?"

"दीड वर्ष," सिस्टर म्हणाल्या.

"आन् म्या तुमच्यावर अर्ज केला तवा?"

"तवा बी."

काका पायरीवर बसले. कोपराचं रक्त सदऱ्याला पुसलं. सिस्टरांनी त्यांचा हात ओढून जखम धुतली आणि तशातच बीपीही घेतलं. ते काय निघालं कोणास ठाऊक, सिस्टर फक्त म्हणाल्या, "उद्यापासून तुमी बी सातला या. फाटकातून."

चार दिवसांनी काका स्टँपपेपर घेऊन आले. ते सरकारी माणूस. तोंडी समेटावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आठ कलमांचा करारनामा आणला होता. मोटर एक हॉर्सपॉवर, वेळ सकाळी साडेसहा ते सात, विजेचं बिल त्यांचं, विहीर सिस्टरांची. सिस्टरांनी एक कलम वाढवायला लावलं: मोटर चालू असेतोवर काकांनी स्वतः विहिरीच्या काठावर उभं राहून पाण्याकडे पाहावं. काकांनी थोडी घासाघीस केली, मग नववं कलम लिहिलं.

"आता दोघंबी शपथ घेऊ," काका म्हणाले. "नावच तसं हाय ना तुमच्या घराचं. मास्तरनं लिहिलं तसं."

"मी नाई घेत शपथ," सिस्टर म्हणाल्या.

"काहून?"

"प्रभूनं नाई म्हटलं हाय. हो म्हणजे हो, नाई म्हणजे नाई. शपथ कायले पायजे?"

"घराचं नाव शपथेची विहीर अन् शपथ घेत नाई?"

"नाव मडमबाईनं ठेवलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नावर इंग्रजीच्या मास्तरानं काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी साक्षीदार म्हणून सही केली आणि चहा प्यायलो. शेवटी काकांनी एकट्यानंच विठ्ठलाची शपथ घेतली, दोघांच्या वतीनं.

त्यानंतर मी रोज सकाळी खिडकीतून पाहायचो. मोटर घुरघुरायची, आणि काका हात मागे बांधून विहिरीत वाकून उभे असायचे. पहिले काही दिवस घड्याळाकडे बघत. मग ते पाण्यातल्या कासवाबद्दल बोलायला लागले. पाणी किती हात खाली गेलं ते ते खडूनं दगडावर लिहून ठेवायचे. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एकदा त्यांनी स्वतःहूनच मोटर आठवडाभर बंद ठेवली आणि बादल्या नेल्या. त्या आठवड्यात सिस्टरांनी काकांना मनुकांचा रस एक बाटली पाठवली. काकांनी ती देवघरात ठेवली.

अडीच वर्षांनी मला राळेगावच्या शाळेत नोकरी मिळाली, जास्त पक्की. निघायच्या दिवशी एक ट्रंक, एक गादी आणि पुस्तकांची दोन पोती घेऊन मी फाटकाशी उभा होतो. सिस्टर म्हणाल्या, कळंबहून बदलून जा, तिथं राळेगावची गाडी उभीच असते. काका म्हणाले, बदलायची काही गरज नाही, सरळ गाडी साडेदहाला आहे. सिस्टर म्हणाल्या, ती बंद झाली. काका म्हणाले, कोण म्हणतं? दोघांनी आपापल्या ओळखीच्या कंडक्टरांची साक्ष काढली. काकू भिंतीतल्या वाटेनं दशम्यांचं फडकं घेऊन आल्या. विटा परत लावायचं कोणी मनावर घेतलंच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "तुमाले कोणत्या गाडीनं जायचं हाय, बाबू?"

मला विचारणारी ती पहिलीच व्यक्ती होती. मी उत्तर द्यायच्या आधीच बसस्टँडकडे जाणारी सिटी गाडी आमच्यासमोरून निघून गेली. वाद चालूच होता. मी ट्रंकेवर बसलो आणि दशमी खायला घेतली.